आईची पाळी

रविवारी सकाळी सृष्टीने पर्समधून मोजपट्टी काढून न्हाणीघराच्या दाराला लावली आणि सिंधूने हातातली शेवंती खाली ठेवली. ज्या घरात पट्टी फिरेल त्या घरात काहीतरी बसवलं जाणार, आणि जिथे बसवलं जाईल तिथेच सासूबाई कायमच्या राहणार. हे कुणी बोललं नव्हतं. या घरात महत्त्वाच्या गोष्टी बोलायची पद्धतच नव्हती, त्या हळूहळू होऊन जायच्या.

"सव्वीस इंच," सृष्टी म्हणाली. "वॉकर जाईल, पण घासून."

सिंधू ओसरीत उलट्या क्रेटवर बसून शेवंती निवडत होती. खाली मांडी घालून बसणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. गुडघे वाकत नव्हते, आणि वाकले तर लवकर उलगडत नव्हते. क्रेटवर का बसतेस असं घरात कुणी विचारलं नाही, म्हणून तिनेही सांगितलं नाही. पंचावन्न वर्षांच्या बाईचे गुडघे दुखणारच, त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं ती स्वतःलाच समजवायची.

तिने विचारलं, की योगेशकाकांचा फ्लॅट नाही का मोजायचा. तो काल संध्याकाळीच मोजला, असं सृष्टीने सांगितलं. मुलगी फिजिओथेरपी शिकून कॉलेज रोडच्या एका दवाखान्यात नोकरीला लागली होती, आणि आजी पडल्यापासून घरात तिच्या शब्दाला एकदम वजन आलं होतं. त्याआधी चहात साखर किती घालायची हेसुद्धा तिला कुणी विचारत नव्हतं.

सासूबाई, म्हणजे कुसाबाई, उद्या दवाखान्यातून सुटणार होत्या. सतरा दिवसांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत बॉल बसवला. डॉक्टर म्हणाले होते, बॉल छान बसलाय, आता फक्त परत पडू देऊ नका, परत पडल्या तर काही खरं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कुठल्या घरात पडू द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि दोघा भावांनीही सांगितलं नाही.

कारण कुसाबाईंचं घर असं एक नव्हतंच. त्यांची पाळी होती.

मखमलाबादच्या या शिवारात कालव्याचं पाणी पाळीने यायचं. आज पलीकडच्यांची पाळी, उद्या खालच्यांची, परवा आपली. सासरे पुंजाबाबा होते तोवर कुणाची पाळी कधी लागते आणि कधी तुटते हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. नऊ वर्षांपूर्वी ते गेले, दहावं-तेरावं उरकलं, आणि ओसरीत बसून त्यांच्या दोन मुलांनी आईचीही पाळी लावली. दोन महिने थोरल्या निवृत्तीकडे मळ्यात, दोन महिने धाकट्या योगेशकडे पाथर्डी फाट्याला. शब्द घरात तयारच होता, तो पाण्यावरून उचलून आईला लावला, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कुसाबाईसुद्धा फोनवर भाचीला सांगायच्या, "आता योगेशची पाळी चालू हाय."

योगेशच्या पाळीच्या तिसऱ्याच दिवशी त्या पडल्या. पहाटे उठून लघवीला निघाल्या आणि स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवायच्या गॅलरीत, जिथे फरशी अर्धा फूट खाली जाते, तिथे कोसळल्या.

बेबी सकाळच्या एसटीने कळवणहून आली. ती दोघा भावांच्या मधली बहीण. आई तिच्याकडे कधी राहिली नव्हती. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा कुसाबाईंचा जुना नेम होता, आणि तो मोडावा असा आग्रह बेबीनेही कधी फारसा धरला नाही. मत द्यायला मात्र ती हक्काने यायची. आल्या आल्या तिने चहा घेतला, दाराशी रचलेली फुलांची पोती बघितली आणि विचारलं, आई काय या पोत्यांवरून उडी मारून घरात येणार हाय का. सिंधूने उठून पोती ओढत बाजूला केली.

योगेशची गाडी अकराला आली. त्याने डिकी उघडली. आत स्टीलचे दोन दांडे होते, भिंतीला बसवायचे, आणि खोक्यात घडीची कमोड खुर्ची. इथे लागेल म्हणून घेऊन आलो, दादाची उगाच धावपळ नको, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. निवृत्तीने ते सामान बघितलं, काही न बोलता घरात गेला आणि आपली पिशवी घेऊन आला. पिशवीत चार रबरी मॅट होत्या आणि अंधार पडला की आपोआप लागणारे दोन छोटे दिवे. ते त्याने काल मेन रोडला जाऊन योगेशच्या फ्लॅटसाठी आणले होते.

दोघे भाऊ एकमेकांच्या हातातल्या वस्तूंकडे बघत अंगणात उभे राहिले. दोघांनीही अगदी मनापासून आईची सोय केली होती, फक्त दुसऱ्याच्या घरात.

"एकमेकांना आहेर करताय का रे?" बेबी म्हणाली आणि हसली.

योगेशची बायको सायली हसली नाही. सतरा दिवस तिला हसण्याची चोरीच झाली होती. तुमच्याकडेच पडल्या ना, हे वाक्य तिने सोसायटीतल्या बायकांकडून ऐकलं होतं, ज्या शाळेत ती कारकून होती तिथल्या बाईंकडून ऐकलं होतं, आणि फोनवर स्वतःच्या आईकडूनही ऐकलं होतं. त्या पहाटे सव्वापाच वाजता ती झोपलेली होती. सव्वापाचला झोपलेलं असणं हा गुन्हा असतो, हे तिला आधी माहीत नव्हतं.

ओसरीत सगळे बसले आणि सृष्टीने कागद वाचायला घेतला. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून टाकायच्या, त्यात पाय अडकतो. खाटेखाली विटा घालून ती इतकी उंच करायची, की आजी बसली की पाय टेकतील पण गुडघे पोटाशी येणार नाहीत. संडासात खुर्ची, शेजारच्या भिंतीला दांडा, ओल्या फरशीवर मॅट. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा. पायरीच्या कडेला पिवळी पट्टी, म्हणजे पायरी कुठे संपते ते दिसेल. उंबरा असेल तर काढायचा. लुगडं घोट्याच्या वर, चप्पल मागून पट्ट्याची. रोज लागणाऱ्या वस्तू हाताच्या उंचीवर, म्हणजे वाकायला नको आणि चवड्यावर उभं राहायला नको.

सगळं इतकं सोपं होतं की कुणालाच त्यात खोट काढता येईना. मग बराच वेळ त्या सोपेपणाचंच कौतुक चाललं. योगेश म्हणाला, पट्टीची कल्पना फारच छान. निवृत्ती म्हणाला, विटा तर आपल्याकडे पडूनच आहेत. 'आपल्याकडे' म्हणून गेल्यावर मात्र तो शेवंतीची एक काडी उचलून मोडत बसला.

बेबीने सोडवणूक केली. दोन्ही घरात बसवून टाका सगळं, ना याला जड ना त्याला, पाळी आपली चालू ठेवा. हे दोघा भावांना एकदम पटलं. तिघं भावंडं एका बाजूला झाली आणि ओसरीत जरा मोकळं वाटायला लागलं. पण तेवढ्यात बेबीच म्हणाली, की मग उद्या आई योगेशकडेच जाईल, पाळी त्याचीच चालू आहे. योगेश म्हणाला, बरोबर आहे, पण दवाखान्यातले सतरा दिवस माझ्या पाळीत धरायचे ना? निवृत्ती म्हणाला, ते कसे धरायचे. कालवा दुरुस्तीला बंद असला तर ते दिवस पाळीत धरत नाहीत, पाणी सुटलं की पाळी तिथूनच पुढे सुरू होते.

योगेशने मान डोलावली. लहानपणापासून तोही हेच ऐकत आला होता.

"न्या मग," बेबी म्हणाली, आणि सायलीकडे बघून पुढे म्हणाली, "फक्त या वेळी जरा ध्यान ठेवा म्हंजे झालं."

सायलीने मान खाली घातली. सृष्टीने हातातला कागद गुडघ्यावर ठेवला.

"आत्या, आज्जी काकूंमुळे पडलेली नाही," ती म्हणाली.

काल दवाखान्यात तिने आजीला डोळे मिटायला सांगितले होते आणि विचारलं होतं, की तू खाटेवरून उठलीस, तर संडास कुठल्या बाजूला? आजीने डावा हात वर केला. कुठल्या घरातला, असं विचारल्यावर आजी म्हणाली, कुठल्या म्हंजे, घरातला. या घरात खाटेवरून उठलं की संडास-न्हाणी डाव्या हाताला लागते. फ्लॅटमध्ये ती उजव्या हाताला आहे, आणि डावीकडे गेलं की स्वयंपाकघर आणि त्यामागे ती खालची गॅलरी.

"ती झोपेत उठली आणि रोजच्यासारखी डावीकडे वळली. तिचं काही चुकलं नाही. आपण तिच्या पायाखालचं घर बदललं होतं. दर दोन महिन्यांनी बदलतो. तिचं डोकं समजून घेतं, पण पाय नाही समजून घेत या वयात. दोन्ही घरात सोन्याचे दांडे लावले तरी ती परत पडेल. आत्या, ती पाळीमुळे पडली."

सायलीला आधी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि मग इतका राग आला की तिला तिथे बसवेना. ती आत गेली, माठातलं पाणी प्याली, नको असताना दुसरा पेलाही प्याली. डावा हात आणि उजवा हात, एवढीच गोष्ट होती, आणि तिच्यासाठी तिने सतरा दिवस माणसांची तोंडं चुकवली होती. ती परत आली तेव्हा कुणीतरी काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. बेबी फक्त एवढंच म्हणाली, "मला काय ठाऊक होतं." त्या घरात ती जवळजवळ माफीच होती.

आता घर एकच हवं, हे ठरलं. कुठलं, यावर परत गाडी अडली. बेबी आता निवृत्तीच्या बाजूने झाली आणि म्हणाली, की फ्लॅटला लिफ्ट आहे, कमोड आहे, दवाखाना जवळ आहे, आई तिथेच बरी. योगेश नवऱ्याच्या जातीला धरून बायकोकडे बघायला लागला. सायलीने त्याची वाट बघितली नाही. ती म्हणाली, की ती सकाळी सातला निघते ती तीनला येते, मुलाची, रुद्रची शाळा, यांचं ऑफिस, आई आठ तास एकट्या. त्या उठतील आणि डावीकडेच वळतील. मी रडून सांगत नाही, जे होईल ते सांगते.

"वहिनी तर घरीच असतात," योगेश म्हणाला.

तो ते वाईट हेतूने म्हणाला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

निवृत्तीला बायकोकडे बघायचं धाडस झालं नाही. घरीच असते म्हणजे पहाटे चारला उठते, उजाडायच्या आत शेवंती तोडायला शेतात असते, बाजाराला माल गेला की दोन गाईंचं बघते, मग मजुरांचा चहा, मग उरलेल्या फुलांचे हार. त्याला आई इथे हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आई फ्लॅटवर गेली की रिकाम्या खाटेकडे बघून त्याला जेवण जात नसे. पण आपल्याला आई हवी म्हणजे सिंधूने तिला उचलायची, हे त्याला नऊ वर्षं माहीत होतं, आणि नऊ वर्षं त्याने ते स्वतःलाही मोठ्याने सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर हो म्हणावं तर बायकोचा बळी, नाही म्हणावं तर आईचा. त्याला एक तिसरीच वाट सापडली.

"इथं नाही जमायचं," तो म्हणाला. "उंबरा आहे."

उंबरा सागाचा, सात इंच उंच. पुंजाबाबांनी जुनं घर पाडताना तो अख्खा काढून या घराला बसवला होता. या घरातल्या साऱ्या सुना त्यावरचं माप ओलांडून आत आल्या होत्या. निवृत्ती म्हणाला, काय वाटेल ते करा, बाबांच्या उंबऱ्याला मी करवत लावू देणार नाही.

बेबीचे डोळे भरले. तिने लगेच भावाची री ओढली. उंबरा कापला की घराची मर्यादा गेली, कळवणला एकांनी काढला तर वर्षात त्यांच्या घरात काय काय झालं, ते सगळं तिने सांगितलं. योगेश म्हणाला, आईपेक्षा लाकूड मोठं का? बेबी म्हणाली, तुझ्या फ्लॅटला उंबराच नाही, तू काय बोलतो. आवाज चढले. निवृत्तीने ते चढू दिले. भांडण उंबऱ्यावर आहे तोवर ते सिंधूवर येणार नव्हतं, आणि त्याच्यावरही येणार नव्हतं.

"उंबऱ्याला रोज हळदकुंकू कोण लावतं?" सिंधूने विचारलं.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे ओसरीत बसल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती, म्हणून सगळे थांबले.

तिने त्यांच्याकडे बघितलं. वाईट कुणीच नव्हतं. नवरा घाबरला होता, दीर घाईत होता, नणंदेला संध्याकाळची एसटी गाठायची होती. सगळे दमलेले होते आणि सगळे तिच्या तोंडून 'हो' निघण्याची वाट बघत होते. तेहतीस वर्षांत तिने सासूबाईंचं फार ऐकलं होतं. सृष्टी झाली तेव्हा मुलगी म्हणून सासूबाई पाच दिवस तोंड बघायला आल्या नव्हत्या. सिंधूचे वडील गेले तेव्हा आधी माल बाजाराला जाऊ दे मग निघ, असं त्या म्हणाल्या होत्या. सिंधू निघाली तेव्हा माती झालेली होती. ते विसरायला ती काही संत नव्हती. आता त्याच बाईला आंघोळ घालायची, कायमची. पण नाही म्हणायचं तर सासूबाई फ्लॅटमध्ये एकट्या उठणार आणि डावीकडे वळणार. तिला तेही डोळ्यांपुढे दिसत होतं. मनात कितीही राग असला तरी एवढं दिसल्यावर तिला नाही म्हणता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

"आई इथं राहतील," ती म्हणाली. "पण पाळी मोडायची नाही."

"म्हणजे?" योगेशने विचारलं.

"आई फिरणार नाहीत. तुम्ही फिरायचं. शनिवारी दुपारपासून सोमवारी पहाटेपर्यंत तुम्ही आणि सायली इथं. त्या वेळात आई तुमच्या, मी त्यांच्यासाठी चहासुद्धा टाकणार नाही. बेबीताई, तुम्ही महिन्यातले आठ दिवस. आई तुमच्या घरी राहत नाहीत ना, मग तुम्ही इथं राहा, तुम्हाला तर नेम नाही. आणि रोज पहाटे त्यांना संडासला न्यायचं ते यांनी. मी फुलांवर असते."

योगेशने शनिवारच्या मीटिंगबद्दल काहीतरी सुरू केलं. सिंधूने त्याला पुरतं बोलू दिलं. मग ती म्हणाली, की तुमच्या हळदीच्या दिवशी पाण्याची पाळी आली होती, तेव्हा हे मांडवातून उठून गेले होते, नाही का? पाण्याच्या पाळीला या घरातला माणूस आजवर उशिरा गेलेला नाही. आईच्या पाळीलाही उशीर करायचा नाही, एवढंच.

"आम्ही येऊ, ताई," सायली म्हणाली. योगेशने तिच्याकडे बघितलं, पण ती सिंधूकडे बघत होती.

बेबी म्हणाली, घरी विचारावं लागेल. सिंधू म्हणाली, विचारा. मग नवऱ्याकडे वळून तिने सांगितलं, "आणि उंबरा तुम्ही कापायचा. काळू मिस्त्रीला बोलवायचं नाही."

निवृत्तीला कळलं, की उंबऱ्याची ती पळवाट बायकोने केव्हाच ओळखली होती. दुपारी जेवण झाल्यावर त्याने उंबऱ्याला हात जोडले आणि करवत लावली. दुसरं टोक योगेशने धरलं. जुनं साग होतं, दीड तास गेला. बेबी आधी रडली, मग भुसा झाडून काढला, आणि शेवटी तिनेच म्हटलं, की खाली पाट्यासारखं चार बोटं राहिलंय ते राहू दे, हळदकुंकवाला जागा हवी. उरलेल्या चार बोटांना सृष्टीने दोन्हीकडून फळीचा उतार लावला. विटा खाटेखाली गेल्या, पिवळी पट्टी पायरीला लागली, निवृत्तीने योगेशसाठी आणलेले दिवे निवृत्तीच्याच भिंतीत लागले. दांडे तेवढे राहिले. भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल घरात नव्हतं, म्हणून काळू मिस्त्री मंगळवारी येणार होता.

सिंधूला आपण जिंकलो वगैरे काही वाटलं नाही. दोन दिवसांची सुटका मागून तिने पाच दिवस पदरात घेतले होते. पाहुणे गेल्यावर ती परत क्रेटवर बसली, कारण शेवंती तशीच पडली होती.

सोमवारी कुसाबाई आल्या. आता पाळी बंद, इथंच राहायचं, असं सृष्टीने त्यांना दवाखान्यातच सांगितलं होतं. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या होत्या. घरात येताना उतारावर वॉकर टेकवून त्या क्षणभर थांबल्या, खाली बघितलं, आणि आत आल्या. उंबऱ्याचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. सिंधूने चार माणसांच्या मदतीने त्यांना खाटेवर बसवलं. त्या बसल्या आणि पाय बरोबर टेकले.

मंगळवारी काळू मिस्त्री आला. सृष्टी त्या दिवशी उशिरा कामावर जाणार होती. तिने न्हाणीघरात आजीच्या कोपराचं माप घेऊन भिंतीवर पेन्सिलने खूण केली आणि काळूने ड्रिल उचललं. कुसाबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. त्यांना खाटेवर जाऊन बसा म्हटलं तरी त्या हलेनात.

"कुणाच्या मापानं खूण केली?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या, आज्जी."

"पूस ती. हिच्या मापानं कर."

सिंधू धुण्याची बादली बाहेर काढत होती. ती तशीच थांबली.

"माझं काय, वर्षं दोन वर्षं, लय तर तीन," कुसाबाई म्हणाल्या. "हिला जन्म काढायचाय हितं. धुणं झालं की बादलीचा काठ धरून उठती. एका हातानं उठाय येत नाय, दोन्ही हातानं उठती. येक दिवस बादली सरकंल आन् हिचं बी माझ्यावानी व्हईल."

सृष्टीने आईकडे बघितलं. रोज दहा-बारा लोकांचे गुडघे वाकवून सरळ करणारी मुलगी, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. काळू ड्रिलची वायर उगाच गुंडाळायला लागला.

"तुम्हाला काय माहीत?" सिंधू म्हणाली.

"खाटेवरनं दिसतंय की. हे दार कधी नीट लागलंय? दोन वर्षं झाली बघती."

"मग बोलला का नाहीत कधी?"

सिंधूच्या आवाजाला धार आली होती. कुसाबाईंनी वॉकरवरचे हात थोडे सरकवले. त्यांना उभं राहून दम लागला होता.

"माझी पाळी सरायची, मी जायची," त्या म्हणाल्या. "जाणाऱ्यानं काय बोलावं गं, दुसऱ्याच्या घरात."

सृष्टीने ओढणीच्या टोकाने भिंतीवरची खूण पुसली. मग धुण्याचं बुटकं स्टूल पुढे सरकवलं आणि आईला बस म्हणाली. सिंधू बसली. बसताना गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला. ती समोरच्या ओल्या फरशीकडे बघत राहिली. तेहतीस वर्षं या बाईवरच्या रागाच्या जोरावर ती सगळं रेटत आली होती. राग होता म्हणून पहाटे उठवत होतं, राग होता म्हणून कुणाला काही मागावंसं वाटत नव्हतं. कालही सासूबाईंना खाटेवर बसवताना तो होताच, तिने त्याच्या भरवशावरच हो म्हटलं होतं. आता ती तो मनात शोधायला लागली तर तो तिथे नव्हता, आणि पुढचं सगळं कशाच्या जोरावर करायचं हे तिला कळेना. तिचे डोळे भरून आले.

"उठ मम्मी," सृष्टी तिच्यासमोर उकिडवी बसत हळू आवाजात म्हणाली. "हात कुठे जातो तुझा, ते बघू दे मला."